मावशी अभ्यासकेंद्रात कोणासाठी जाते

रायपूरला मी फिरायला गेले नव्हते, आईने पाठवलं होतं. काका गेल्यापासून मावशी तात्यापाऱ्यात एकटी राहते. उन्हाळा लागल्यापासून ती दर शनिवारी एका ख्रिश्चन अभ्यासकेंद्रात जाऊन बसते, अशी बातमी नागपूरपर्यंत आली होती. आमचं घर बौद्ध. आई म्हणाली, "जाऊन पाह्य, धर्म बदलून राहिली का ते."

नागपूरहून सकाळची गाडी पकडा, दुपारच्या जेवणापर्यंत रायपूर येतं. मे महिन्यात एसीचं तिकीट काढा, मी काढलं नव्हतं. डोंगरगडच्या टेकड्यांपर्यंत खिडकी बरी वाटते, पुढे नुसती झळ. स्टेशनवरून शेअर ऑटोने तात्यापारा स्वस्तात होतो.

मावशीने दार उघडलं आणि आधी बोरे-बासी समोर ठेवली. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा आणि मिरची. इकडच्या उन्हावर यापेक्षा चांगला उपाय नाही.

"तुह्या मायनं पाठवलं ना?" ती म्हणाली. "संध्याकाळी चाल माह्यासंगं. डोळ्यानं पाह्य."

केंद्र म्हणजे वाचनालयाची जुनी इमारत आणि मागे आंब्याखालचं अंगण. कूलर, सतरंज्या, कैरीचं पन्हं. कोणीही यावं, नाव विचारतात, धर्म विचारत नाहीत. केंद्र चालवणाऱ्या दीदींनी बायबलमधला क्षमेचा एक उतारा हिंदीत वाचला आणि ज्याला बोलायचं त्याने बोलावं म्हणाल्या. एक रिटायर्ड मास्तर त्या उताऱ्याशी चक्क भांडले. दीदी हसून ऐकत होत्या. मी प्रवचन ऐकायची तयारी करून गेले होते, हे काय चाललंय तेच कळेना.

मग पंगत बसली. मावशीच्या पलीकडे चाळिशीतला एक सडपातळ माणूस बसला. बीरगांवच्या कारखान्यात कामाला आहे म्हणाला. मावशीने न विचारता त्याच्या ताटात लोणचं वाढलं.

"बस, दीदी," तो मावशीला म्हणाला.

मला वाटलं, काकांच्या ओळखीतला असेल. आम्ही उकाड्यावर, गाड्यांच्या गर्दीवर बोललो. त्याने मला भात पुढे केला.

परतताना मी विचारलं, "कोण गं तो?"

"त्याच्याच पिकअपनं तुह्या काकाले उडवलं."

मी रस्त्यात थांबले. मावशी चालतच राहिली, मला धावून तिला गाठावं लागलं.

"केस चालू आहे," ती म्हणाली. "पहिल्यांदा घरी आला होता माफी मागाले. मी दार लावून घेतलं. मंग समजलं, तो या केंद्रात येते म्हणून. म्हटलं पाहावं, असल्या माणसाले कोन बाजूले बसवते."

"मग माफ केलंस?"

"नाही."

"मग लोणचं काहून वाढतेस?"

"त्याले तिखट आवडते," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "कोर्टात मी खरं तेच सांगीन. त्यालेबी सांगितलं. तो हव म्हणाला."

रविवारी सकाळी ब्राह्मणपाऱ्यात फिरले, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे खाल्ले, देवळांचे फोटो काढले. फोटो चांगले आलेत, पण कोणतं देऊळ कोणतं ते आठवत नाही. डोकं त्या पंगतीतच होतं. ती त्याला शिक्षा देत होती, की सांभाळत होती? मावशीला पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

तुम्ही उन्हाळ्यात रायपूरला गेलात तर असल्या एखाद्या संध्याकाळी त्या केंद्रात जरूर जा. काय हाती लागेल, ते मात्र मला सांगता येणार नाही.

घरी पोचले तेव्हा आई पोळ्या करत होती. "झाली का ख्रिश्चन?"

"नाही." मग सगळं सांगितलं.

पुढची पोळी तव्यावर टाकत तिने विचारलं, "कसा आहे तो?"

"चांगला वाटला," माझ्या तोंडून निघून गेलं. कोणाच्या बाजूने बोलले, मलाच कळेना. आई माझ्याकडे बघत राहिली आणि तव्यावरची पोळी करपली.