मेल्या उंदराचा वास

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा आम्ही दुपारी जेवत होतो. वरणभाताचा घास तोंडात होता आणि एकाएकी नाकात मेला उंदीर शिरला. फुगलेला, पोत्यामागे चार दिवस सडलेला. समोर धाकटी जाऊ बसली होती, बारा वर्षं एका घरात राहिलेली. पण तिचा चेहरा मला कुणीतरी तिथे चिकटवल्यासारखा दिसला. घर आपलंच, तरी आपलं वाटेना. मिनिटभराने सगळं जागेवर आलं. घास मी ताटातच थुंकला.

"कायचा वास येऊन राह्यला?" मी विचारलं. कुणालाच येत नव्हता.

पुढे तो आठवड्यातून दोनतीनदा येऊ लागला. मी सोयाबीनची पोती हलवायला लावली, कोठीत फिनाईल ओतलं. उंदीर सापडला नाही. वास बहुधा जेवताना यायचा आणि स्वयंपाक जाऊ करायची, म्हणून मी तिच्यावर घसरले. भाजी धूत नाही, हात धूत नाही. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुह्याच अंगाले वास येते." ती उठून आत गेली. आठ दिवसांत तिने आपली चूल वेगळी मांडली.

मग नेरला नात्यातल्या बारशाला आम्ही सगळे गेलो. पंगतीत वास आला. पुढचं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा नाकावर चपलेचा तळ दाबलेला होता. अंगणात फिरलेली चामड्याची चप्पल, तिला शेण लागलेलं, वर कुणाची तरी थुंकी. माझं डोकं मांडीवर घेऊन आपली चप्पल धरलेली यजमानीण म्हणत होती, "मिरगी आहे. अजून हुंगवते." मला ऐकू येत होतं, जीभ हलत नव्हती. शेण ओठाला लागलं.

जावेने त्या बाईचा हात झटकला. "माणूस आहे ते," एवढंच म्हणाली आणि पदराने माझं तोंड पुसलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, पडण्याआधी काय होतं? मागे उभी असलेली जाऊच बोलली, "साहेब, ह्यायले आधी वास येते. मंग रिकाम्या तोंडानं चावत राह्यतात, पदर चोळतात. आपल्याकडं पाह्यतात, पण वयखत नाहीत."

हे चावणं, चोळणं मलाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वास बाहेर कुठेच नाही, मेंदूतून उठतो. तीही आकडीच, लहान. गोळ्या सुरू झाल्या आणि वास विरळ झाला. मग मला स्वतःचीच किळस येऊ लागली. सहा महिने मी एका स्वच्छ बाईला घाण म्हणत होते.

एके दिवशी तिच्या चुलीपाशी जाऊन मी माफी मागितली. ती कणीक मळत होती.

"तवा मी दिवसातून तीनदा आंघोळ करत होती, बाई," ती म्हणाली. "पोराले जवळ घ्याले भेव वाटे."

मी तिथेच बसून राहिले. तिने हात थांबवला नाही, मला जा असंही म्हटलं नाही. चुली अजून दोनच आहेत. ती बारशाची यजमानीण मात्र चारचौघांत सांगते, "माह्या चपलेनं ती उठली."