मनगटावरचं घड्याळ

सस्कॅचेवानच्या त्या गावात मार्लीन ह्नातियुक बाई कॅनडाचा इतिहास शिकवायच्या, तो रेल्वेबांधणीवरच्या एका जुन्या टीव्ही मालिकेवरून. मालिका तिथल्याच माळावर चित्रित झाली होती आणि मजूर म्हणून गावातलेच पुरुष उभे केले होते. मुलांनी फक्त तिच्यातल्या चुका शोधायच्या.

"बाई, तो फावडेवाला बघा! १८८५ साली मनगटी घड्याळ?" दरवर्षी कुणीतरी ओरडायचंच.

"शाबास, एक गुण!" म्हणत बाई ते चार सेकंद पुन्हा लावायच्या. तो फावडेवाला म्हणजे आपला नवरा ओरेस्ट, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. घड्याळ काढायला विसरणारा तो वेंधळा माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती.

यंदा घड्याळ कुणालाच दिसलं नाही.

"अजून एक चूक राहिलीय. डोळे आहेत की बटणं?" बाईंनी तुकडा परत लावला. मग पुन्हा परत.

"काही नाहीये हो बाई तिथे, पुढे चला ना!" मागच्या बाकावरची केल्सी वैतागली.

बाई पुढे गेल्या नाहीत. घंटा होईपर्यंत ओरेस्ट फावडं घेऊन हसत येत राहिला आणि जात राहिला.