मूठ अमडापूरची

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी रोज साचतात: लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा वहिनी संध्याकाळी झाडून टाकते. किस्से मात्र जागचे हलत नाहीत, म्हणून म्हटलं आज तेही थोडे झाडून काढावेत!

वर्कशॉप म्हणजे अमडापूरला प्रल्हाददादाच्या घरापुढची पत्र्याची शेड. इथे चाकूंना लाकडी मुठी बसतात. मिटणारे चाकू नव्हेत. पातं कायम बाहेर असलेले, स्वयंपाकघरातले, शेतातले, जंगल हिंडणाऱ्या हौशी लोकांचे. पाती चिखलीच्या एका लोहाराकडून येतात. मूठ दादा करतो. पॉलिश, फोटो आणि व्हॉट्सॲप माझ्याकडे. माझा फोटो स्टुडिओ मोबाईलनेच बुडवला, तेव्हा आता त्याच मोबाईलकडून वसुली चालू आहे.

आणि शेडच्या तोंडाशी बाज टाकून बसलेले दादाचे वडील, बापू. जन्मभर बैलगाड्या केलेला माणूस! "मी गाडीचं चाक करनारा मानूस, आन् हा चाकूले शेपूट लावून राह्यला!" हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. दादाच्या मुठींचं नाव पुण्यापर्यंत गेलं, पण बापूंनी एकही मूठ कधी हातात धरून पाहिली नाही. दादाला तेवढंच हवं होतं. गिऱ्हाईक कितीही नाचू दे, त्याचा एक डोळा बापूंच्या बाजेकडे असायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

*

आमची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात कणकेचा गोळा द्यायचा आणि म्हणायचं, "दाबा!" बोटांचे ठसे उमटतात, त्या मापाने मूठ घडते.

बुलढाण्याचे एक साहेब येऊन गोळा दाबून गेले. दादाने तो ताटलीत घालून खिडकीत ठेवला. त्या दिवशी वहिनीची आई पाहुणी आली होती. पोरगी कणीक विसरली असं वाटून माउलीने पोळ्या लाटल्या. दुपारी वांग्याच्या भाजीबरोबर आम्ही ताव मारला. तिसऱ्या पोळीला दादाचा हात थांबला.

"आत्या, हे कनिक कुठली?"

"खिडकीतली न बावा!"

आता काय सांगणार? दादाने सरळ फोन केला. "साहेब, पुन्हा या लागते. तुमची मूठ आम्ही खाल्ली."

साहेब दोन मिनिटं हसत होते. मग म्हणाले, "अहो, दाबण्याआधी माझे हात धुतलेले होते का, हे तरी विचारायचंत!"

*

नाशिकच्या एका गृहस्थाला येणं जमेना. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "गोळा दाबून कुरिअरने पाठवा." वाटेत बिघडू नये म्हणून पठ्ठ्याने तो ओव्हनमध्ये भाजला! गोळा टम्म फुगला. आम्हाला काय ठाऊक? दादा म्हणाला, "काय पंजा हाय बे या मानसाचा!" आणि त्याने कौतुकाने मनगटाएवढी मूठ घडवली.

आठवड्याने फोन आला. "ही मूठ माझी नाही हो! माझी बोटं पुरत नाहीत तिला!"

दादाचा चेहरा पडला. बाजेवरून बापू म्हणाले, "पाह्य, मी सांगतच होतो." दादा बदलून द्यायला तयार झाला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बदलू नका! माझा मेहुणा पैलवान आहे, त्याला अशी बसली की तो सोडतच नाही. माझ्यासाठी दुसरी करा, या वेळी गोळा कच्चाच पाठवतो!"

*

बाजारात कोहळं, म्हणजे आपला लाल भोपळा, कापून विकणाऱ्या कमलताई. दिवसभर कापून हाताला फोड यायचे. दादाने त्यांच्यासाठी मन लावून मूठ केली. पुढच्या बाजारी बाई परत हजर!

"दादा, बोचते हे."

दादाने मूठ घासली. पुन्हा बोचली. पुन्हा घासली. शेवटी चिडून तो बाजारातच जाऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. पाहतो तर बाई सपासप डाव्या हाताने कापताहेत!

"ताई! मंग गोळा उजव्या हातानं काऊन दाबला?"

"पयलं काम कोनी डाव्या हातानं करते का? बरं दिसते का ते?"

दादाने कपाळावर हात मारला आणि डाव्या हाताची नवी मूठ केली. त्यानंतर कमलताईंच्या हाताला एक फोड आला नाही. त्यांनी खूश होऊन बापूंना कोहळ्याची मोठी फोड पाठवली. रात्रीच्या जेवणात बापू म्हणाले, "कोहळं गोड हाय." बस, इतकंच. मुठीबद्दल चकार शब्द नाही!

*

पुण्याच्या एका पोराला 'एकदम हटके लाकूड' हवं होतं. दादाने शेजारच्या गावातून एक मोडकी बैलगाडी आणली होती, तिच्या साट्यातलं, म्हणजे सांगाड्यातलं, बाभळीचं लाकूड कापलं. पन्नास पावसाळे खाल्लेलं, दगडासारखं टणक. तेल लावताच असं लालसर उजळलं की मी चार फोटो जास्त काढले. खाली लिहिलं: 'अकेशिया'. पोरगं वेडं झालं!

बापूंनी विचारलं, "अकेशिया म्हंजे काय बे?"

"बाभूळ, बापू."

"मंग बाभूळ म्हना न! लाजता काऊन? तिच्या जिवावर आख्खा मुलूख चालला."

मी खरंच लाजलो. तेव्हापासून फोटोखाली ठळक अक्षरांत 'बाभूळ' लिहितो, आणि पुणेकर आता 'बाभूळच पाहिजे' म्हणून हट्ट धरतात!

*

आता शेवटचा. खामगावच्या एका हॉटेलमालकाने स्वतःच्या स्वयंपाकासाठी चाकू सांगितला होता. दादाने काळं शिसम घेतलं. आठ दिवस कानस चालवली, लाख वितळवून पातं बसवलं, जवसाचं तेल तीनदा जिरवलं. झाली तेव्हा तो ती मूठ उगाच हातात घेऊन बसला. म्हणाला, "यापेक्षा चांगली माह्या हातून होनार नाही."

दुसऱ्या दिवशी मालक गाडीतून उतरले आणि चाकू गायब!

भुसा चाळला. पोती उलटी केली. वहिनीने धान्याच्या कोठीत हात घातला. दादाने माझ्या पिशवीतसुद्धा पाहिलं, वर "तुह्यावर शक नाही बे" असंही म्हणाला! मालक घड्याळ बघायला लागले. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्यात माझ्या लक्षात आलं की बाज रिकामी आहे.

बापू बाजेवर नसले की पारावर असतात, म्हणून मालकांसकट आम्ही तिघे तिकडे गेलो. तिथे बापू आपल्या चार म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून काकडी चिरत होते. पातळ, एकसारख्या चकत्या. चिरून झाल्यावर पातं धोतराला पुसलं, मूठ तळव्यात दोनदा फिरवली, आणि चाकू फडक्यात गुंडाळून कमरेला खोचला.

दादा कसाबसा म्हणाला, "बापू, ते गिऱ्हाइकाचं हाय."

बापूंनी मान वर केली नाही. काकडीला मीठ लावत म्हणाले, "त्याले दुसरा करून दे."

 दादा एकदम माझ्याकडे वळला. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू!

"जाय बे, पेढे घेऊन ये. दोन किलो आन!"

मी पळत सुटलो. मागून मालकांचा आवाज येत होता, "अहो, पण माझा चाकू गेला, त्याचे पेढे कसले?"