डोंगरावरचं बंद चर्च

आमच्या भाईंदरच्या सहलवाल्याने मला फसवलं. पैशांत नाही, पैशांत मला फसवणारा अजून जन्मायचा आहे. त्याने मला स्पेनमधल्या एका जुन्या डोंगरी गावात नेलं आणि तिथली फक्त कुलपं दाखवली.

मी उत्तनची. डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायला सुरुवात केली, आता स्वतःचे टेम्पो आहेत. भाव करताना समोरचा पटकन हो म्हणाला, की त्याने दुसरीकडून काहीतरी कापलं असं समजायचं. हा सहलवाला फारच पटकन हो म्हणाला होता. मला वाटलं, गिऱ्हाईक नसेल बिचाऱ्याला.

त्या सहलीतून मला एकच गोष्ट हवी होती. माझी आई आता खाटेवरून उठत नाही. त्या गावातल्या चर्चचं चित्र तिने कधीतरी एका कॅलेंडरवर पाहिलेलं. मी निघाले तेव्हा तिने आमच्या चर्चमध्ये आशीर्वाद घेतलेली मेणबत्ती माझ्या हातात दिली. "तिथं मदर मेरीसमोर लाव. माझ्यानं आता जाववत न्हाय." सहलवाल्याला मी हे आधीच सांगितलं होतं. "ताई, चर्च तर प्रोग्रॅममध्येच आहे," तो म्हणाला होता.

सकाळीच आमची बस डोंगराच्या पायथ्याशी पोचली. वर पांढरी घरं आणि चर्चचा मनोरा दिसत होता. मी उठून पर्स खांद्याला लावली. बस वळली ती हायवेवरच्या इंडियन हॉटेलकडे. कारण आमच्या लोकांना सातासमुद्रापलीकडेही दुपारी गरम डाळ-भात लागतो. मीरा रोडच्या मंडळींनी आदल्या रात्रीपासून जिरा राइसचा जप चालवला होता.

"आधी जेवण, मग फिरणं. भरल्या पोटी चढ सोपा जातो," सहलवाला म्हणाला. आयुष्यात कधी टोपली घेऊन चढ चढलेला माणूस असं बोलणार नाही. जेवणं झाली, चहा झाला, कोणाला तरी पुन्हा चहा हवा झाला. वर पोचलो तेव्हा भर दुपार झाली होती आणि गाव झोपलं होतं. दुकानं बंद, खिडक्या बंद, गल्लीत एक मांजर, तेही डोळे मिटून. आमची मंडळी बंद दारांसमोर उभी राहून फोटो काढत होती.

"कितना शांत है ना, आंटी?" एकजण म्हणाली.

"बंद है इसलिए शांत है," मी म्हटलं. "आमचं बर्फाचं गोदामही रविवारी असंच शांत असतं. तिथे फुकट नेते तुला."

आमचा घोडबंदरचा किल्ला पडका असेल, पण दुपारी जेवायला जात नाही.

चढून चर्चपाशी गेले तर एक बाई मोठ्या दाराला कुलूप लावत होती. मी मेणबत्ती दाखवली, हात जोडले. तिने माझा खांदा थोपटला, घड्याळावर बोट ठेवून पाच वाजताची खूण केली आणि घरी गेली. तिच्यावर माझा राग नाही. पाचच्या आधी आमची बस सुटणार होती, हे तिला काय माहीत.

सहलवाला कठड्यावर बसून पाणी पीत होता.

"चर्च बंद आहे," मी म्हटलं.

"इथे दुपारी सगळंच बंद असतं, ताई."

"तुला माहीत होतं?"

"दर सीझनला ग्रुप आणतो ना मी."

"मग सकाळी का नाही आणलंस?"

"सकाळी आत जायला तिकीट पडतं. एवढा भाव पाडल्यावर मला कसं परवडणार? आणि चर्च दाखवलं की. हे काय, समोर."

तो हसतही होता. त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मग पायरीवर बसून मेणबत्ती पेटवून पाहिली. डोंगरावरच्या वाऱ्याने ती एकदाही पेटू दिली नाही. खालून बसचा हॉर्न वाजायला लागला.

घरी आले तर आईचा पहिला प्रश्न, "लावलीस?"

"न्हाय, आई."

"येवढ्या लांब जाऊन?" एवढंच म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

सहलवाला आता माझा फोन उचलत नाही. उत्तनची बस त्याच्या ऑफिसवरूनच जाते. त्याने तीत बसावं, आईच्या खाटेशेजारी येऊन बसावं आणि दार उघडं होतं तेव्हा त्याने तिच्या मुलीला डाळ-भात खायला का बसवलं, ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं.