मला नाही बाई येत

आमच्या घरात माझ्या लग्नाची तारीख कुणाच्या लक्षात नाही, पण मी स्वयंपाकघरात गोगलगाई आणल्या तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. तेव्हा माझ्या अंगात पीएच.डी. संचारली होती. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ज्या बायका लिहीत होत्या, त्या माझा विषय. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी औषधांच्या आणि मुरंब्यांच्या कृतीही लिहून ठेवायच्या, आणि त्यात खोकल्यावर गोगलगाईंचा अर्क होता. पावसाळा होता, कुंपणाच्या भिंतीवर गोगलगाई होत्या आणि मला खोकलाही होता. असा योग परत कधी यायचा? मी वाटीभर गोळा करून ओट्यावर ठेवल्या, तेवढ्यात फोन वाजला म्हणून बाहेर गेले. परत येईपर्यंत मंडळी फिरायला निघाली होती. एक तांदळाच्या डब्यावर, एक गॅसच्या नळीवर आणि एक सरळ देवघराच्या दिशेने.

सासूबाईंनी त्या सुपलीत भरून शेवंतीच्या वाफ्यांपासून लांब, रस्त्यापलीकडे नेऊन सोडल्या. मग मला अडुळशाचा काढा दिला आणि विचारलं, की हे शिकायला कॉलेजात फी भरावी लागते का. अडुळशाने खोकला गेला, पीएच.डी. काही गेली नाही.

आम्ही मखमलाबादच्या बाजूला राहतो. घरामागे थोडा मळा शिल्लक आहे, त्यात शेवंती आणि गुलाब. नवरा सातपूरच्या कारखान्यात, मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि मळा सासूबाईंचा. संध्याकाळी त्या दारापुढच्या ओट्यावर फुलं ओवायला बसायच्या आणि मी शेजारी पुस्तक घेऊन. त्यांना गप्प बसून ओवायचा कंटाळा, मला गप्प बसून वाचायचा. म्हणून मी त्या इंग्लिश बायकांच्या गोष्टी सांगायला लागले, आणि बघता बघता आमच्या ओट्यावर इंग्लंड नांदायला लागलं.

सासूबाई त्या बायकांबद्दल गल्लीतल्या शेजारणींसारखं बोलायच्या. एक मोठ्या घरची होती. ती स्वतःचे कपडे स्वतःच्या डोक्याने शिवून घ्यायची आणि तिची बग्गी बघायला लोक रस्त्यात गर्दी करायचे. तिला सासूबाई ‘राणीसाहेब’ म्हणत आणि तिच्या बाजूने भांडत. एक हेरगिरी करून आलेली आणि मग नाटकं लिहून पोट भरणारी. तिचं काय चाललंय हे त्या अधूनमधून विचारत, जणू ती मागच्या बसने येणार होती. आणि एक होती, जिला दिवस गेले होते आणि बाळंतपणात आपण जाणार असं वाटत होतं. तिने पोटातल्या मुलासाठी उपदेशाचं एक छोटं पुस्तक लिहून ठेवलं. “वाचली का?” सासूबाईंनी विचारलं. मी म्हणाले, मूल वाचलं, ती नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पुढचं काही ऐकलं नाही, लवकर उठून आत गेल्या.

कित्येकींच्या पुस्तकांवर त्यांचं नावच नसायचं. असलं तर नुसती आद्याक्षरं, नाहीतर अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. मी हे फार तावातावाने सांगितलं. सासूबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितो आणि जुनं नाव तिथेच संपतं, मग इंग्रजांनी काय वेगळं केलं, असं म्हणून त्या हसल्या आणि दोरा तोडला.

माझ्या प्रबंधाचा मुद्दा मात्र नावाचा नव्हता, प्रस्तावनेचा होता. ह्या बायकांची पुस्तकं उघडली की आधी माफीनामा लागतो. मी बाईमाणूस, मला काय कळतं, मैत्रिणींनी फारच गळ घातली म्हणून, नाहीतर कुणी तरी माझे कागद परस्पर छापखान्यात नेले, मला पत्ताच नाही. हे सगळं हात जोडून. मग पान उलटायचं, की बाईसाहेब देव, राजा, नवरे, विज्ञान, सगळ्यांना शेकडो पानं धारेवर धरतात. माझं म्हणणं असं, की तो माफीनामा खोटा. ती एक युक्ती होती, दारातून आत शिरायची. हे मी आठ वर्षं लिहीत होते. आमचे सर, म्हणजे मार्गदर्शक, भला माणूस. त्यांनी मला एकच शिस्त लावली: प्रबंधात ‘मी’ लिहायचं नाही. ‘असे दिसते’ लिहायचं, ‘असे म्हणता येईल’ लिहायचं. मी तसं लिहिलं. नोंदणीची मुदत एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली, आणि आता शेवटची चालू होती. बाहेरून येणाऱ्या परीक्षक मॅडमनी प्रबंध दुरुस्तीला परत पाठवला असता, तर मुदत संपून आठही वर्षं गोदेत सोडावी लागली असती. आणि ह्या मॅडम परत पाठवण्यासाठीच प्रसिद्ध होत्या.

शेवटची मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. हे मी बोलण्याच्या ओघात घरी सांगितलं, तिथे चूक झाली. “कुणी पण?” सासूबाई म्हणाल्या. झालं. परीक्षेच्या सकाळी आमच्या गल्लीतल्या चौघीजणी नटून दारात, नवऱ्याच्या हातात चिवड्याची खोकी, आणि माझ्यासाठी पलंगावर पैठणी काढून ठेवलेली. मी चिडले. परीक्षा आहे, लग्न नाही, असं दोनदा ओरडून सांगितलं. सासूबाईंनी तोवर मळ्यातल्या गुलाबांची वेणी माझ्या केसांत खोचलीसुद्धा. शेवटी मी ती पैठणी नेसून, घुश्श्यात, रिक्षात बसले.

आता सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. आमच्या भागात कुणाचं लग्न असो, डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, उखाणे सासूबाईंकडून जातात. बायका येतात, नवऱ्याचं नाव सांगतात, आणि सासूबाई फुलं खुडता खुडता दोन ओळी जोडून देतात. नाव अवघड असेल तर जरा जास्त वेळ लागतो. स्वतः मात्र त्या घेत नाहीत. सासरे गेल्यापासून त्यांना कुणी ‘नाव घ्या’ म्हटलेलं नाही. हे कुणी ठरवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

तर परीक्षा. कॉलेजातली एक लांबट खोली, समोर मॅडम, शेजारी सर, मागच्या ओळीत आमची गल्ली. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यामुळे मागची ओळ आमचे फक्त चेहरे वाचत होती. पहिला अर्धा तास बरा गेला. मग मॅडमनी चष्मा काढला, माझा प्रबंध पहिल्या पानावर उघडला आणि ऋणनिर्देश मोठ्याने वाचला. त्यात मी लिहिलं होतं, की ह्या लेखनात काही चांगलं असेल तर ते सरांचं, ज्या चुका आहेत त्या माझ्या, माझी कुवत ती काय, घरच्यांनी आणि स्नेह्यांनी फारच आग्रह केला म्हणून हे धाडस.

वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, “बाई, तुम्ही तीनशे पानं सांगताय की असल्या माफ्या ही युक्ती असते. मग ही तुमची माफी कसली? युक्ती की खरी?”

आठ वर्षं मी लोकांच्या प्रस्तावना चाळत होते, आणि माझी स्वतःची तशीच्या तशी लिहून बसले होते, मला कळलंसुद्धा नव्हतं. खरी म्हणावं, तर अख्खा प्रबंध कोसळतो. युक्ती म्हणावं, तर शेजारी सर बसलेले, चांगलं ते सगळं त्यांचं म्हणून आत्ताच ऐकलेलं. मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. मी मान खाली घातली आणि पैठणीच्या पदराचा मोर बोटाने चाचपत बसले.  सर हळूच म्हणाले, बोला, बोला. मॅडमही म्हणाल्या, मोकळेपणाने सांगा, घाबरू नका.

मागच्या ओळीने काय पाहिलं? नवी पैठणी, केसांत वेणी, खाली घातलेली मान, आणि पुढे बसलेली वडीलधारी माणसं आग्रह करतायत. सासूबाईंना जे वाटायचं तेच वाटलं. त्या मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “घे गं, लाजू नको. तुला येतंय.”

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून. मला इतकं हसू आलं की सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पण हसता हसताच मला उत्तर दिसलं होतं, आणि ते इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून फुलं ओवत होतं. मॅडम मराठीच होत्या, मी इंग्रजी सोडून दिली. त्यांना म्हणाले, आपल्याकडे बाईला नाव घे म्हटलं की ती आधी काय म्हणते? ‘मला नाही बाई येत.’ दुसऱ्यांदा म्हटलं की ‘तुम्हीच घ्या ना.’ तिसऱ्यांदा घेते, आणि घेते ते चार दिवस आधी पाठ केलेलं असतं. मग ते पहिलं ‘नाही येत’ खोटं आहे का? नाही. खरं आहे का? तेही नाही. ती उखाण्याची पहिली ओळ आहे, ती म्हटल्याशिवाय पुढचं म्हणताच येत नाही. इंग्लंडातल्या त्या बायकांचंही तेच, आणि माझंही तेच. ती माफी मी मागितली, आणि आतली तीनशे पानंही मी लिहिली, मी वाचलं, मी शोधलं, मी मांडलं. एवढं बोलून मी थांबले, तेव्हा लक्षात आलं की मी ओळीने पाच वेळा ‘मी’ म्हणाले होते, आणि सर माझ्याकडे पाहत होते.

मॅडमनी चष्मा परत घातला. “मग पहिली ओळ झाली,” त्या म्हणाल्या. “पुढचं घ्या.”

त्यांना पुढचा मुद्दा हवा होता की खरंच उखाणा, हे मला आजही माहीत नाही. माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मी उभी राहिले. मागे नवराही चिवड्याची खोकी सांभाळत जरासा सावरून बसला, आपलं नाव येणार म्हणून कानापर्यंत लाल.

“प्रस्तावनेत मागितली माफी, आत लिहिलं ठसठशीत अक्षर,” मी म्हणाले, आणि पुढे जिथे नवऱ्याचं नाव यायचं तिथे मी माझं, स्वतःचं नाव घेतलं, “नाव घेते, मॅडम, सही करा सत्वर.”

 मग मॅडम हसायला लागल्या, सर हसले, आणि मागच्या ओळीला अख्ख्या परीक्षेत एवढं एकच नीट कळल्यामुळे तिने टाळ्या वाजवल्या. सही काही सत्वर झाली नाही. मॅडमनी मला त्यानंतर पुरता तासभर पिळून काढलं, तळटिपांमधल्या चुकासुद्धा सोडल्या नाहीत. पण शेवटी उभ्या राहून त्यांनी पदवीची शिफारस जाहीर केली आणि मग त्यांनीच चिवडा मागितला. नवऱ्याने मला फक्त एवढंच विचारलं, की त्याचं नाव मीटरमध्ये बसत नव्हतं का. मी म्हटलं, बसत होतं, पण प्रबंध तुम्ही लिहिला नव्हता. त्याला ते पटलं, असे दिसते.

संध्याकाळी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत जमली. उरलेला चिवडा, चहा, आणि मॅडमची नक्कल. प्रत्येकीने उखाणा घेतला, एकीने दोन घेतले. मी अजून तरंगतच होते. त्या धुंदीत मी म्हणाले, “आई, आता तुम्ही घ्या.”

 शेजारीण चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागली. नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले. सासूबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, “मला नाय बाई येत.”

अख्ख्या मखमलाबादला उखाणे पुरवणारी बाई म्हणते, मला येत नाही. बाकीच्यांना वाटलं विषय संपला. पण मी त्याच दिवशी त्याच वाक्यावर बोलून पदवी मिळवली होती, मी बरी सोडीन. मी परत म्हटलं. त्या म्हणाल्या, लोक काय म्हणतील, आता कुणाचं घ्यायचं. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तेव्हा त्यांनी कुणाकडेच न बघता, जरा खालच्या आवाजात, पण एकदाही न अडखळता घेतलं:

“शेवंतीच्या वाफ्यातून बापानं हाक मारली,” आणि मग एक नाव, आणि मग, “माझं नाव, मी नाय अजून विसरली.”

ते नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं, “आई, हे कुणाचं नाव?”

“माझं,” त्या म्हणाल्या. “तांदळात तुझ्या बापानं दुसरं लिव्हलं.” आणि चहाचे कप गोळा करायला उठल्या. पन्नास वर्षांचा त्यांचा मुलगा दारात तसाच उभा राहिला, आणि मला रडू आलं ते मी कुणापासून लपवलं नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी त्यांना विचारलं, तुमचं नाव छापू का? फुलं ओवता ओवता त्या म्हणाल्या, “नको बाई, माझं कशाला.” काल पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, “लोक काय म्हणतील.” म्हणून ते इथे नाही. आज संध्याकाळी परत विचारणार आहे.