शनिवारी भिजलेले वाल

देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय, ते मी गेल्या आषाढात पुरेपूर अनुभवलं. देव पाण्यातच राहिले आणि हे गेले. साध्या तापाचं निमित्त झालं, वापीच्या दवाखान्यात हलवलं आणि तिथून यांना डहाणूला आणलं ते अँब्युलन्समधूनच. तेरावं झाल्यावर मी देवघराचा पडदा ओढून घेतला. भांडायलाही तोंड उरावं लागतं, ते माझ्यापाशी उरलं नव्हतं.

आमच्या घरात वार ताटावरून कळायचे. बुधवारी नरपडची मासळी, गुरुवारी पिवळं म्हणून पिठलं, शनिवारी उडदाचे वडे. श्रावणातल्या सोमवारी दिवसभर उपास आणि दिवेलागणीला केळीच्या पानावर वालाचं बिरडं. हा सगळा सासूबाईंचा कारभार. सोमवार त्या मुलाच्या आयुष्यासाठी धरायच्या, हे पोटात होते तेव्हापासून. मोड आलेले वाल हे स्वतः आणायचे, रविवारी स्टेशनवरची तिकीटखिडकीची ड्यूटी संपवून. कोणाकडून आणतात, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

हे गेले आणि सासूबाईंनी अन्न टाकलं. दोन चमचे पेज, तीही मी रडले तर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस निघायचे नाहीत. मी रागावले, पाया पडले, लहान मुलाला भरवावं तसं भरवलं. घास तोंडात फिरायचा आणि परत वाटीत यायचा. श्रावणातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी त्या शांतपणे म्हणाल्या, “उद्याचा सोमवार धरणार आहे. सोडणार मात्र नाही. ज्याच्यासाठी सोडायचा तो कुठे आहे?”

मी उठून देवघराचा पडदा सरकवला आणि म्हटलं, “एक नेलास. हिला तरी ठेव. माझे हात टेकले, आता तू बघ.” प्रार्थना कसली, तो त्रागाच होता.

मी शिकवते ती शाळा श्रावणी सोमवारी अर्ध्या दिवसाची. मुलं उपास सोडायला घरी पळाली, मीही घरी आले. वर्षाच्या आत आमच्याकडे सणाचं शिजवायचं नव्हतं, म्हणून वरणभाताचा कुकर लावला आणि सासूबाईंच्या खाटेजवळ बसून राहिले. दिवेलागणीला दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. भिजलेली, पदराखाली डबा.

“तिकीटवाल्या भाऊंचा घर ह्योच ना?”

ती तलासरीकडच्या डोंगरातली, शेतकऱ्याघरची. श्रावणात तेवढी स्टेशनबाहेर वाल घेऊन बसते. “पहिल्या रविवारचा वाल दरवर्षी भाऊंचाच असतो. काल आले नाय, म्हणून विचारला, तेव्हा कळला,” ती म्हणाली. “दुःखाच्या घरात सणाचा शिजवत नाय. मी शिजवून आणलाय. म्हाताऱ्या आईचा सोमवार असतो, भाऊ सांगायचे.”

सासूबाईंनी जन्मात सोमवारी परक्या हातचं खाल्लेलं नाही. आता भिंतीकडे तोंड करतील, असं मला वाटलं. पण त्यांनी तिलाच विचारलं,

“तुझाही सोमवार आहे?”

“हाय.”

“सोडलास?”

“नाय. गाडी मिळंल तशी घरी जाऊन सोडीन.”

सासूबाई कोपरावर रेटा देऊन उठून बसल्या. “उपाशी बाई माझ्या दारातून जायची नाही. पान मांड गं.”

मी पान मांडलं. बाई बसली, हात जोडले, पण घास काही उचलेना. “दोघींचा उपास, मी एकटी कशी सोडू? आई, तुमी घ्या. मंग मी.”

मी दुसरं पान आणलं. सासूबाईंनी बिरडं भातात कालवलं. घास कितीतरी वेळ तोंडात होता. मी वाटी हातात धरून उभी. घास गेला. मग त्यांनी यांचं नाव घेऊन हंबरडा फोडला. हे गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या. रडत रडतच त्यांनी दुसरा घास घेतला आणि म्हणाल्या, “गूळ जास्त झालाय.” मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाईला जीपपर्यंत पोचवायला गेले तेव्हा विचारलं, “वाल कधी भिजवलेस?”

“शनिवारी पहाटे. त्याबिगर सोमवारी बिरडा व्हतो काय?” मास्तरीण असून एवढं कळत नाही, असं तिने माझ्याकडे पाहिलं.

मी देवापुढे उभी राहिले रविवारी. शनिवारी तर हे गेल्याचंही तिला ठाऊक नव्हतं. कोणी योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. हे परत आले नाहीत, सासूबाई अजून अर्ध्याच पोटी उठतात. पण देवघराचा पडदा मी पुन्हा ओढला नाही. माझी हाक निघायच्या आधीच कोणीतरी कामाला लागलं होतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यंदा वर्ष सरलं. शनिवारी पहाटे मीच वाल भिजवते आणि एक मूठ जास्त टाकते. ती कोणासाठी, ते मला ठाऊक नसतं.