गंगीच्या तोंडावरचा फडका

तुळसाबाई रागीट आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कशामुळं, हे विचारायला कोणी गेलं नव्हतं. घाटंजीजवळच्या त्या गावात ती दुसऱ्यांच्या शेतातला कापूस वेचून पोट भरायची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर तिनं घरातले देव नदीत सोडले आणि त्यांच्यासोबत सासरकडून आलेलं एक कामही सोडलं. गावात देवीची साथ आली की मरीमायचा चिमुकला लाकडी गाडा डोक्यावरून शिवेबाहेर नेऊन ठेवायचा, हा मान तिच्या घराण्याचा होता. दुसरा कोणताही मान त्या घराण्याला नव्हता.

त्रेसष्टच्या चैत्रात साथ आली. त्याआधीच सरकारी माणूस देवी टोचायला येऊन गेला होता. बौद्धवाड्यातल्या बायांनी पोरं ओळीनं उभी केली. तुळसाबाईची गंगी सगळ्यांच्या पुढं. पाटलाच्या आळीत मात्र माता कोपेल म्हणून पोरं कणगीमागं लपवली. टोचणाऱ्याला ती सापडली नाहीत. साथीला बरोबर सापडली.

हेडमास्तर वामनरावांनी ताबडतोब हुकूम काढला: बौद्धवाड्यातल्या पोरांनी तोंडाला फडका बांधून दाराजवळ बसावं. ज्यांना टोचलं होतं नेमकी त्यांचीच तोंडं बांधून झाली, आणि शाळा सुरक्षित झाली.

मग पंजाबराव पाटील तुळसाबाईच्या दारी आले. म्हणजे दारापासून बरेच अलीकडं थांबले.

"तुळसे, गाडा तेवढा उचल. मास्तरले सांगून पोरीचा फडका काढाले लावतो."

"माता तुमच्या घरी आली, पाटील. तुमीच उचला."

"तुमी देव सोडले म्हून कोपली ते."

"मंग आमच्या पोराईले सोडून तुमच्याकडं काहून गेली? घर चुकली का?"

पाटील परतले. गाडा मरीमायच्या देवळापुढंच राहिला.

चौथीची परीक्षा झाली. गंगी पास झाली तर घाटंजीला पाचवीत जाणार होती, नाही तर आईमागं कापसात. लेखी चांगलं गेलं. वाचनात शून्य. फडक्यातून आवाजच ऐकू आला नाही, असं वामनराव म्हणाले. फडका काढून वाचू द्यावं तर नियम मोडला असता, आणि नियम स्वतःच केलेला असल्यानं त्यांना तो फार प्रिय होता.

तुळसाबाई शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होती. तशीच, ओरखडलेल्या हातांनी, पोरीला घेऊन शाळेत आली.

"मास्तर, पुन्हा घ्या."

"फडका निघणार नाही, बाई."

"काढा म्हून कोण म्हणते? गंगे, वाच. फडक्यातूनच वाच."

गंगी वाचू लागली. धडा आरोग्यावर होता.

"मोठ्यानं."

गंगीच्या मानेच्या शिरा ताठल्या. फडका श्वासासोबत तोंडात ओढला जाऊ लागला, भिजला.

"अजून मोठ्यानं. पाटलाच्या ओसरीवर गेलं पाह्यजे."

रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. वामनरावांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"बस. ऐकू येते."

"काय म्हणलं?"

"ऐकू येते म्हणलं, बाई."

त्यांनी शून्य खोडलं आणि पासापुरते गुण मांडले. एकही जास्त नाही.

परतताना तुळसाबाई म्हणाली, "सोड आता ते."

"मास्तरनं अजून सांगितलं नाही, माय," गंगी बसक्या आवाजात म्हणाली.

साऱ्या महिन्यात तुळसाबाईला इतका राग कशाचाच आला नव्हता. भर रस्त्यात तिनं पोरीला थांबवलं. भिजलेली गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी तोडली.

"तोंड पूस," ती म्हणाली.